गुस्ताफ डालेन : ॲसिटिलीनला वेसण घालणारा शास्त्रज्ञ



दहावीच्या विज्ञानात कार्बनी संयुगांचा पाठ आहे. त्यात इथाइन नावाचा वायू येतो. दोन कार्बन, दोन हायड्रोजन, मध्ये तिहेरी बंध. मुलं सूत्र पाठ करतात, रचना काढतात आणि पुढे जातात. पण हाच वायू आपल्या महालात रोज कामाला असतो, हे वर्गात किती जणांना माहीत असतं? कारागीर त्याला ॲसिटिलीन म्हणतात, किंवा नुसतंच डीए.

महाल म्हणजे जुनं नागपूर. बडकस चौक, चिटणीस पार्क, गांधी गेट, भोसल्यांचा वाडा. जवळच्या इतवारीत लोखंडाची जुनी बाजारपेठ असल्यामुळे या बाजूला फॅब्रिकेशनची छोटी छोटी दुकानं काही कमी नाहीत. खिडकीच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, गेटं, मंडपाचे सांगाडे. अशा दुकानात जाड प्लेट कापायची वेळ आली की दोन सिलिंडर पुढे येतात. एक उंच, काळा, ऑक्सिजनचा. दुसरा जरा बुटका, तपकिरी-लाल, ॲसिटिलीनचा. मुलांना घेऊन जा, पण लांब उभे राहा. आणि ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी बघू देऊ नका, कारागीर काळा चष्मा उगाच लावत नाही.

हाताने लोखंड कापणं हे खरोखर कसबाचं काम आहे. आधी प्लेटवरचा गंज आणि रंग खरवडायचा, खडूने रेघ मारायची. मग टॉर्चवर आधी ॲसिटिलीन सोडून ठिणगीने पेटवायचा. तेव्हा पिवळी, काजळी ओकणारी ज्योत दिसते. हळूहळू ऑक्सिजन वाढवला की काजळी जाते आणि नोझलच्या तोंडाशी निळसर-पांढरा टोकदार सुळका तयार होतो. ही ज्योत ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ती प्लेटच्या कडेवर धरायची. कड लालबुंद झाली, नारिंगीकडे झुकू लागली की टॉर्चची पट्टी दाबायची. पट्टी दाबली की मधल्या भोकातून शुद्ध ऑक्सिजनचा झोत सुटतो आणि कापणी सुरू होते.

इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. ज्योत लोखंड वितळवून कापते असं आपल्याला वाटतं. तसं नाही. ज्योत फक्त लोखंड तापवते. कापतो तो ऑक्सिजन. तापलेलं लोखंड ऑक्सिजनच्या झोतात चक्क जळतं, त्याचं ऑक्साइड होतं, आणि ते ऑक्साइड पोलादापेक्षा कमी तापमानाला वितळत असल्यामुळे झोताबरोबर खाली वाहून जातं. आपल्या सायकलला पावसाळ्यात हळूहळू गंज चढतो ना, तोच हा प्रकार, फक्त काही सेकंदांत उरकलेला. म्हणूनच स्टेनलेस स्टील या टॉर्चने नीट कापलं जात नाही. त्यातल्या क्रोमियमचं ऑक्साइड सहज वितळत नाही, ते वर कवच धरून बसतं.

बाकी सगळं हातावर. नोझल प्लेटपासून काही मिलिमीटर वर, एका उंचीवर. एक हात पट्टीवर, दुसरा हात प्लेटवर टेकून आधाराला. वेग जास्त झाला की ठिणग्या मागे उडू लागतात आणि काप आरपार जात नाही. वेग कमी झाला की कडा वितळून गोल होतात, खाली मळीचे गोळे लटकतात. बरोबर वेगाला ठिणग्या सरळ खाली पडतात आणि कपडा फाटल्यासारखा एकसारखा आवाज येतो. जुना कारागीर त्या आवाजावरच ओळखतो. ठिणग्या, आवाज, कडेवरच्या बारीक रेघा हे सगळं एकाच वेळी बघत हात सरकवायचा असतो. आपण याला सर्रास अंगमेहनत म्हणतो आणि शिक्षणाच्या खालच्या पायरीवर ठेवतो. मला हे कधीच पटलं नाही.

आता त्या बुटक्या सिलिंडरकडे वळू. या कारागिराचं सगळं लक्ष हातातल्या टॉर्चवर असतं. शेजारच्या सिलिंडरची त्याला भीती वाटत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं.

ॲसिटिलीन हा फार लहरी वायू आहे. इतर वायू दाबून सिलिंडरमध्ये भरता येतात, हा येत नाही. मोकळा ॲसिटिलीन मोटारीच्या चाकात असतो त्याच्या निम्म्या दाबाला आणला, तरी तो धोक्याच्या हद्दीत जातो. त्याच्यावर झटका बसला, उष्णता लागली, तर हवा किंवा ऑक्सिजन नसतानाही तो स्वतःच फुटून स्फोट करतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात बनू लागलं. त्यावर पाणी टाकलं की ॲसिटिलीन तयार. उजेड झकास, ज्योत कडक. ऑक्सिजनबरोबर त्याची ज्योत किती तापते हे फ्रेंच शास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी १८९५ मध्ये दाखवलं आणि काही वर्षांत टॉर्चही आला. पण स्फोटांमुळे लोक हबकलेले होते. हा वायू साठवायचा कसा, एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचा कसा, हा प्रश्न होता. तो सोडवण्यात ज्याचा मोठा वाटा, त्या माणसाचं नाव गुस्ताफ डालेन.

डालेनचा जन्म ३० नोव्हेंबर १८६९ रोजी स्वीडनमधल्या स्टेनस्टॉर्प या गावी, शेतकऱ्याच्या घरात झाला. आपल्या विदर्भातल्या एखाद्या कास्तकाराच्या घरासारखंच समजा, फक्त कापसाच्या जागी बर्फ. पोरगा अभ्यासात फार चमकणारा नव्हता. सकाळी अंथरुणातून उठायचा त्याला भारी कंटाळा. सांगतात, की त्याने जुन्या घड्याळाला जोडणी करून असं यंत्र बनवलं, की ठरल्या वेळी दिवा आपोआप लागे आणि कॉफी उकळायला लागे. ही त्याची खोडी पुढे आयुष्यभर टिकली. जिथे माणसाला ताटकळत बसावं लागतं, तिथे आपोआप चालणारं काहीतरी बसवायचं.

घरची शेती त्याच्याकडे आली. त्याने दूधधंदा वाढवला, भाजीपाला आणि बियाण्यांचा व्यवसाय जोडला. दुधाचा पैसा फॅटवर मिळतो हे आपल्याकडच्या डेअरीवर दूध घालणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. डालेनने दुधातलं फॅट मोजण्याचं साधन स्वतः बनवलं आणि १८९२ मध्ये ते घेऊन थेट स्टॉकहोमला गुस्ताफ डी लावाल यांच्याकडे गेला. डी लावाल म्हणजे दुधातून मलई वेगळी काढण्याचं यंत्र बनवणारे त्या काळचे नावाजलेले संशोधक. त्यांना हे पोरगं आवडलं. त्यांनी त्याला नोकरी नाही दिली, आधी नीट शिकून ये असं सुचवलं. वय तेव्हा बावीस-तेवीस. आपल्याकडे या वयात शिक्षण सुटलेला मुलगा परत कॉलेजात जातो म्हणाला तर घरचे काय म्हणतील, याचा विचार करा.

डालेन गेला. गोथेनबर्गच्या चाल्मर्स संस्थेतून १८९६ मध्ये तो इंजिनीअर झाला, मग एक वर्ष झुरिचला शिकला. १९०१ मध्ये एल्माशी लग्न झालं. याच सुमारास तो कार्बाइड आणि ॲसिटिलीनच्या धंद्यात शिरला. १९०६ मध्ये तो ज्या कंपनीचा मुख्य अभियंता झाला, तीच पुढे आगा या नावाने जगभर गेली. १९०९ पासून तिचा कारभारच त्याच्या हाती आला.

फ्रान्समधल्या संशोधकांनी आधीच एक युक्ती शोधली होती. ॲसिटिलीन ॲसिटोनमध्ये भरपूर विरघळतो. साध्या दाबाला एक लिटर ॲसिटोन सुमारे २५ लिटर ॲसिटिलीन पोटात घेतं, दाब वाढवला की कितीतरी जास्त. विरघळलेला वायू शांत राहतो. सोड्याच्या बाटलीत वायू विरघळलेला असतो ना, तसंच. पण सिलिंडरमध्ये मोकळी जागा उरली तर तिथे जमलेला वायू पुन्हा धोकादायक. म्हणून आत सच्छिद्र पदार्थ ठासून भरायचा आणि त्याच्या बारीक छिद्रांत ॲसिटोन मुरवायचं. अडचण अशी होती, की गाडीतून नेताना हादरे बसून हा पदार्थ भेगाळायचा, पोकळ्या पडायच्या. डालेनने असं मिश्रण तयार केलं जे हादरे सोसूनही भेगाळत नव्हतं. त्याला आगा-मास म्हणत. आपल्या कारागिरांच्या तोंडातलं डीए म्हणजे डिझॉल्व्ड ॲसिटिलीन, विरघळवलेला ॲसिटिलीन. सिलिंडर आतून पोकळ नाही, एखाद्या घट्ट स्पंजासारखा भरलेला आहे, हे मुलांना सांगून बघा. त्यांचा विश्वास बसत नाही. हा सिलिंडर उभाच का ठेवायचा, तेही मग आपोआप कळतं. आडवा करून वापरला तर वायूबरोबर ॲसिटोनही नळीत येतं.

डालेनचं नाव जगात झालं ते मात्र दीपस्तंभांमुळे. स्वीडनचा किनारा खडकांचा, बेटांचा. तिथे दिवे हवेत, पण प्रत्येक खडकावर माणूस ठेवायचा कसा? डालेनने असं साधन केलं की गॅसच्याच दाबावर दिवा उघडझाप करे. सतत जळण्याऐवजी क्षणभर चमक आणि मग अंधार. गॅसची प्रचंड बचत झाली, आणि प्रत्येक दिव्याची उघडझाप वेगळी ठेवल्याने खलाशाला दिवा ओळखताही येऊ लागला.

१९०७ मध्ये त्याने सूर्यझडप बनवली. यात एक काळा दांडा आणि त्याच्याभोवती तीन चकचकीत दांडे. दिवस उजाडला की काळा दांडा उजेड शोषून जास्त तापतो, किंचित लांबतो आणि गॅसची वाट बंद करतो. सूर्य मावळला की आखडतो, वाट उघडते, दिवा लागतो. ना घड्याळ, ना वीज, ना माणूस. आपल्या नागपूरच्या उन्हात हा प्रयोग फुकट होतो. दोन सारखे डबे घ्या, एकाला काजळी फासा, दुसरा घासून चकचकीत करा, दोन्हींत सारखं पाणी भरून तासभर उन्हात ठेवा आणि तापमान मोजा. स्टॉकहोमजवळच्या ब्लॉकहुसुदेनच्या दिव्यावर १९१२ मध्ये बसवलेली अशी झडप १९८० पर्यंत चालत होती. पनामा कालव्याच्या दिव्यांचं कामही आगालाच मिळालं.

१९१२ साल. डालेन ४२ वर्षांचा. कंपनी भरात. २७ सप्टेंबरला तो ॲसिटिलीनच्या सिलिंडरांच्या सुरक्षेची चाचणी घेत होता. सिलिंडर कुठवर सोसतो हे गिऱ्हाइकाच्या दुकानात कळण्याऐवजी आपल्यासमोर कळावं, यासाठीच या चाचण्या. त्यातच स्फोट झाला. मालक असूनही तो जवळ होता. अंग भाजलं, तो जगेल की नाही याचीच शंका होती. त्याचा सख्खा भाऊ आल्बिन हा नेत्रतज्ज्ञ. पण भावाचे डोळे त्यालाही वाचवता आले नाहीत. दोन्ही डोळ्यांची दृष्टी कायमची गेली.

त्याच वर्षीचं भौतिकशास्त्राचं नोबेल डालेनला जाहीर झालं, दीपस्तंभांच्या आपोआप चालणाऱ्या साधनांसाठी. १० डिसेंबरला तो समारंभाला जाऊ शकला नाही. पारितोषिक आल्बिनने स्वीकारलं. हे नोबेल अनेकांच्या कपाळावर आठ्या आणणारं होतं. खुद्द निवड समितीची शिफारस वेगळी होती, आणि यात मूलभूत भौतिकशास्त्र कुठे आहे असा आक्षेप आजही घेतला जातो. तुलना करायची तर आक्षेपात तथ्य आहे. पण नोबेलच्या मृत्युपत्रात मानवजातीला सर्वाधिक लाभ देणाऱ्यांना पारितोषिक द्यावं असं आहे, आणि खडकावर आपटण्यापासून वाचलेल्या जहाजांचा हिशोब कुणी ठेवला आहे?

इथे थोडं थांबून पालकांशी बोलायचं आहे. हाच वायू आपल्या घराजवळ दुसऱ्या रूपातही येतो. आंबे पिकवायला कार्बाइड वापरतात, त्यावर कायद्याने बंदी आहे, तरी ते मिळतं. शेतात माकडं, पाखरं हाकलायला पाइपची कार्बाइडची बंदूक करतात. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपास मुलांनी अशा बंदुका फटाका म्हणून उडवल्या आणि अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. बंदूक उडाली नाही म्हणून मूल पाइपात डोकावतं, आणि नेमका तेव्हाच आतला ॲसिटिलीन पेटतो. या पाइपात सच्छिद्र भरण नाही, ॲसिटोन नाही, झडप नाही. डालेनने जे जे घालून हा वायू शांत केला, ते सगळं काढून टाकलेलं हे खेळणं आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी एक तास यासाठी जरूर काढा. गंमत म्हणजे देशभरातल्या गॅस सिलिंडरांच्या सुरक्षेचे नियम जिथून राबवले जातात, त्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सला आहे. महालातल्या दुकानातला सिलिंडरही त्यांच्याच नियमांखाली येतो.

डालेन बरा झाला आणि कामावर परत आला. पुढची पंचवीस वर्षं, शेवटपर्यंत, आगाचा प्रमुख तोच होता. शंभराहून अधिक पेटंटं त्याच्या नावावर आहेत, त्यातली काही दृष्टी गेल्यानंतरची. घरी जास्त वेळ राहू लागल्यावर चुलीपाशी एल्माचा किती वेळ आणि किती कष्ट जातात हे त्याला जाणवलं. बघता येत नव्हतं, जाणवलं. डोळे असलेल्या किती नवऱ्यांना ते दिसतं, हा प्रश्न मी इथेच सोडतो. १९२२ मध्ये त्याने जाड लोखंडी चूल बनवली. थोड्या कोळशावर ती रात्रंदिवस एकसारखी तापलेली राहायची, सारखं फुंकत, जाळ सारत बसायला नको. ही आगा चूल इंग्लंडमधल्या घराघरांत गेली.

लिडिंग्यो इथल्या आपल्या घरी ९ डिसेंबर १९३७ रोजी डालेन वारला. एल्माने चौदा-पंधरा वर्षं वापरलेली ती चूल, त्याने स्वतः कधीच पाहिली नव्हती.