परळच्या केईएममधला हृदयाचा डॉक्टर : डॉ. रुस्तम वकील

परळचं केईएम रुग्णालय गावाकडच्या माणसाला नवीन नाही. मोठं दुखणं निघालं की तालुक्याहून जिल्ह्याला आणि तिथून थेट केईएमला, हा रस्ता कितीतरी कुटुंबांनी पाहिला आहे. याच केईएममध्ये हृदयरोग विभाग सांभाळणाऱ्या एका डॉक्टरांचं काम पुढे जगभर पोहोचलं. त्यांचं नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

१७ जुलै १९११ रोजी मुंबईतल्या पारशी घरात त्यांचा जन्म झाला. डॉक्टरकीचं शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतलं. तिथेच राहून नाव आणि पैसा मिळवता आला असता, पण ते मुंबईला परतले आणि पुढे केईएममध्ये काम करू लागले. १९२६ साली सुरू झालेलं हे महापालिकेचं रुग्णालय. त्याला जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजसाठी देणगी देणाऱ्यांची एक अट होती. इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असले पाहिजेत. इंग्रजांच्या राज्यात ही साधी गोष्ट नव्हती.

तेव्हाचं परळ-लालबाग म्हणजे गिरण्यांचा भाग. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं चाळीत राहायची आणि पाळीवर कामाला जायची. दुखणं आलं की केईएम गाठायची. त्या काळी रक्तदाब वाढलेल्या रुग्णाला द्यायला डॉक्टरांकडे फारसं काही नव्हतं. मीठ कमी करा, आराम करा, झोपेचं औषध घ्या, एवढंच. वाढलेला रक्तदाब गुपचूप रक्तवाहिन्या खराब करत राहायचा आणि एक दिवस अर्धांगवायू नाहीतर हृदयविकाराचा झटका यायचा.

सर्पगंधाची मुळी

आपल्याकडे सर्पगंधाची मुळी वैद्य लोक पूर्वीपासून वापरत आले आहेत. साप चावला, झोप लागेना, डोकं फिरलं, अशा वेळी ती दिली जायची. या मुळीने रक्तदाब उतरतो, असं कलकत्त्याच्या डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच लिहून ठेवलं होतं. परदेशात मात्र त्याची दखल कुणी घेतली नाही.

डॉ. वकील यांनी या मुळीची शिस्तीत परीक्षा घेतली. रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ती दिली, प्रत्येकाचा रक्तदाब मोजून नोंदवला आणि त्रास कुणाला काय झाला तेही लिहिलं. बहुतेकांचा रक्तदाब खाली आला. हा अहवाल १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला आणि चित्र पालटलं. अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी ही मुळी वापरून पाहिली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातलं रेसरपिन हे औषध वेगळं काढलं. रक्तदाबावर खात्रीने देता येईल असं हे सुरुवातीच्या औषधांपैकी एक ठरलं.

या कामासाठी डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे पद्मभूषण आणि १९६५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

रेसरपिनने काही रुग्णांचं मन खचायचं, नाक चोंदायचं. पुढे चांगली औषधं आली आणि त्याचा वापर कमी झाला. म्हणून आज कुणी रानातली मुळी उकरून स्वतःच खाऊ नये.

झटक्याआधीचे दिवस

डॉ. वकील यांचं दुसरं काम लोकांना कमी माहीत आहे, पण घरात म्हातारं माणूस असेल त्याने ते जरूर समजून घ्यावं. चालताना छातीत दुखतं आणि बसलं की थांबतं, हा एक प्रकार. रक्ताची गुठळी अडकून हृदयाचा भागच निकामी होतो, तो मोठा झटका, हा दुसरा. या दोन्हींच्या मधली एक अवस्था असते. दुखणं वारंवार येतं, बसल्या जागी येतं, जास्त वेळ टिकतं, पण हृदय अजून निकामी झालेलं नसतं. अशा रुग्णांवर डॉ. वकील यांनी लक्ष ठेवलं. त्यातल्या बऱ्याच जणांना पुढच्या काही आठवड्यांत मोठा झटका येतो, हे त्यांना दिसलं. ज्यांना वेळेवर रक्त पातळ ठेवणारं औषध मिळालं, त्यांच्यात झटके आणि मृत्यू दोन्ही कमी होते. १९६१ आणि १९६४ साली त्यांनी हे अमेरिकेतल्या मासिकांत मांडलं. म्हणजे झटका अचानक आला असं घरचे म्हणतात, तेव्हा पुष्कळदा हृदयाने आधीच सूचना दिलेली असते.

त्या काळी झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे खाटेवर पडून राहावं लागायचं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सर्रास मिळत नव्हतं. १९८८ साली १७ हजारांहून अधिक रुग्णांवरचा आयसिस-२ हा मोठा अभ्यास जाहीर झाला. झटका आल्यावर लवकर दिलेली ॲस्पिरिनची गोळी आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन यांनी मृत्यू बरेच कमी होतात, हे त्यातून पक्कं झालं. सत्तरी ओलांडलेल्यांनाही फायदा झाला होता. हे पाहायला डॉ. वकील नव्हते. २० नोव्हेंबर १९७४ रोजी त्यांचं निधन झालं होतं.

वय झालं म्हणून सोडू नका

अजूनही कितीतरी घरांत आजोबांना झटका आला की वय झालंय, आता कशाला धावपळ, असा विचार होतो. म्हाताऱ्या माणसाला धोका जास्त असतो हे खरं. पण वेळेत दवाखाना गाठला आणि पुढे औषध सुटलं नाही, तर मोठ्या झटक्यानंतरही माणूस वर्षानुवर्षं जगू शकतो.

वयस्कर माणसाच्या, त्यातही बायकांच्या आणि साखर असलेल्यांच्या छातीत दुखेलच असं नाही. एकदम दम लागणं, थंड घाम, गळून जाणं, पोटाच्या वर जळजळ, हीसुद्धा झटक्याची खूण असू शकते. ॲसिडिटी म्हणून सोडा पाजत बसू नये. १०८ ला फोन लावावा.

घरी आल्यावरची चूकही जिवावर बेतते. महिना-दोन महिने बरं वाटलं की गोळ्या बंद होतात, विडी-तंबाखू परत सुरू होते, रक्तदाब कुणी मोजत नाही. मग दुसरा झटका येतो. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजून मिळतो.

डॉ. वकील आणि डॉ. आस्पी गोलवाला यांचं रोगनिदानाचं पुस्तक पुढे डॉक्टरांच्या पिढ्यांनी वाचलं. रुग्णाजवळ बसायचं, त्याचं दुखणं नीट ऐकून घ्यायचं, ही त्यातली पहिली पायरी. आजी-आजोबा दुखतंय म्हणाले, तर घरच्यांनीही तेवढं करावं.