खंडेराव महाराजांचा मोत्यांचा गालिचा

बडोद्यातील आम्हा मराठी मंडळींच्या तोंडी सतत सयाजीराव महाराज असतात. त्यांच्या आधीचे खंडेराव महाराज क्वचितच आठवतात. ते १८५६ मध्ये गादीवर आले. डभोईची बैलांनी ओढलेली छोटी रेल्वे त्यांच्याच कारकिर्दीत, १८६२ मध्ये धावली. रत्नांचा त्यांना मोठा शौक. ब्राझीलमध्ये सापडलेला 'स्टार ऑफ द साउथ' हिरा त्यांनी विकत घेतला. १८६५ च्या सुमारास रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर लाखो बसराई मोती शिवून, त्यांत हिरे, नीलम, माणके व पाचू जडवून एक गालिचा करवला. तो मदिनेला पैगंबरांच्या कबरीसाठी अर्पण करायचा त्यांचा संकल्प होता, असे सांगतात. पण १८७० मध्ये महाराज निवर्तले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे तो परदेशी गेला व २००९ मध्ये दोहा येथील लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला. मदिनेला पोहोचला नाही, बडोद्यातही उरला नाही, याची हळहळ आम्हाला वाटते. मात्र महाराजांच्या पत्नी जमनाबाईंनी १८७५ मध्ये कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा दत्तक घेतला. तेच सयाजीराव. त्यांनी काढलेल्या शाळा-ग्रंथालयांत आमच्या पिढ्या शिकल्या. हे धन मात्र गावातच राहिले.