अंध पंडित हानावा होकिइची

वाचताना आपले डोळे ओळीवरून सरळ सरकत जातात असे आपल्याला वाटते. पण ते उड्या मारतात. एका जागी सुमारे पाव सेकंद थांबतात, तेवढ्यात पुढच्या शब्दाची थोडी चाहूल घेतात आणि पुन्हा उडी मारतात. मोठ्याने वाचताना डोळा जिभेच्या काही शब्द पुढे असतो. हे मोजण्यासाठी संशोधकांनी साधी युक्ती केली. वाचणाऱ्यासमोरचा दिवा अचानक घालवायचा आणि अंधारात तो आणखी किती शब्द बोलतो ते पाहायचे.

या दिव्यावरून जपानच्या एका थोर पंडिताची आठवण होते.

हानावा होकिइची यांचा जन्म १७४६ साली मुसाशी प्रांतातील होकिनो गावी, शेतकऱ्याच्या घरी झाला. लहानपणीच आजाराने दृष्टी गेली. पुढे आईही वारली. पंधराव्या वर्षी ते एदो शहरी, म्हणजे आजच्या टोकियोला आले. तेथे अंधांनी वाद्य वाजवावे, अंग रगडावे किंवा सुया टोचून उपचार करावेत अशी रीत होती. होकिइचींना त्यांतले काहीच नीट जमेना. निराशेने त्यांनी जीव द्यायचेही मनात आणले. पण गुरू अमेतोमी यांनी मुलाची ओढ ओळखली आणि विद्येसाठी तीन वर्षांची मुदत दिली. असे गुरू विरळाच!

पण वाचायचे कसे? ब्रेल लिपी देणारे लुई ब्रेल जन्मले १८०९ साली. होकिइची अंग रगडून देत आणि पैशाऐवजी पुस्तक वाचून दाखवायला सांगत, अशी कथा आहे. डोळा दुसऱ्याचा आणि कान यांचा. जपानीत मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी येते. सारे वाक्य मनात धरून शेवटाची वाट पाहावी लागते. शिवाय त्या लिपीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याच्या मनानेच ठरवायचे. म्हणजे डोळस माणसाच्या वाचनातही मोठा वाटा मनाचाच. आमच्या वर्गात एकेक अक्षर जुळवत वाचणारी मुले अडतात ती येथेच. त्यांना आधी गोष्ट पुष्कळ ऐकवावी, असे माझे मत आहे.

जुने ग्रंथ विखुरलेले होते, काही नाश पावत होते. १७७९ साली होकिइचींनी ते गोळा करून छापण्याचा संकल्प केला. १७९३ साली सरकारी साहाय्याने विद्यालय काढले. चाळीस वर्षांच्या श्रमांनंतर, १८१९ साली, ‘गुन्शो रुइजू’ हा बाराशेंहून अधिक ग्रंथांचा संग्रह पूर्ण झाला. दोनच वर्षांनी ते वारले.

एका रात्री ते शिष्यांना ‘गेंजी’ कादंबरी शिकवीत होते. वाऱ्याने दिवा विझला. शिष्यांची धांदल उडाली, पण गुरुजींचे निरूपण चालूच होते. शिष्यांनी थांबण्याची विनंती केली तेव्हा ते हसले आणि म्हणाले की डोळे असणाऱ्यांची किती गैरसोय होते! जपानी मुलांच्या जुन्या पाठ्यपुस्तकात ही गोष्ट होती.

त्यांच्या ग्रंथांचे १७,२४४ लाकडी ठसे टोकियोत जपून ठेवले आहेत. १९३७ साली हेलन केलर तेथे गेल्या आणि होकिइचींचा पुतळा त्यांनी हातांनी चाचपून पाहिला. त्यांच्या आईने त्यांना लहानपणीच या अंध पंडिताची गोष्ट सांगितली होती.