कमवा, पण शिकत राहा : कर्मवीर भाऊराव पाटील

हायस्कूलमध्येच धंद्याचे विषय शिकवले तर मुलं कॉलेजला जातील का, की तिथंच थांबतील? जोयडा तालुक्यातल्या आमच्या कुळगीसारख्या जंगलातल्या गावात हा प्रश्न पोटाशी बांधलेला आहे. त्याचा विचार करताना मला कर्मवीर अण्णांचं चरित्र फार जवळचं वाटतं.

भाऊराव पाटलांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज गावी झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राहिले, शाहू महाराजांचं काम त्यांनी जवळून पाहिलं. पण ते स्वतः मॅट्रिक झाले नाहीत. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले. शेतकऱ्याच्या घरातली हुशार पोरं पैशावाचून शाळा सोडतात, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं.

1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची, शेतात राबायची. पोरांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा!

मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. घामाच्या कमाईवर शिकणाऱ्या मुलाला अण्णांनी मजूर म्हणून सोडून दिलं नाही. 1935 मध्ये शिक्षक घडवणारं ट्रेनिंग कॉलेज, 1940 मध्ये साताऱ्याचं महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. एकेक पायरी ते बांधत गेले. त्यांच्या वसतिगृहातले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही! हातात खोरं घेतलं म्हणून त्यांच्या मुलांची पदवी हुकली नाही. उलट खोऱ्यामुळेच फी भरली गेली.

आज आमच्याकडची पोरं पर्यटकांना जंगल दाखवतात, होमस्टेवर काम करतात. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र सोळाव्या वर्षी हातात पगार आला की पुस्तक मिटतं, हेही मी बघतो. म्हणून नववीत एखादा व्यवसाय शिकवणाऱ्या शाळेला मी एवढंच विचारेन : याच्या पुढची पायरी कुठे आहे?

9 मे 1959 रोजी अण्णा गेले. त्यांच्या संस्थेचं बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजतात, तशी त्याची सावलीही वाढत जाते. मित्रहो, कमवायला लाजू नका आणि कमावता कमावता शिकणं सोडू नका. अण्णांना हीच आपली आदरांजली ठरेल.