वालचंद हिराचंद आणि हाताच्या गिअरचा वारसा

रत्नागिरीत जुनी मोटार घ्यायला निघालेल्या गृहस्थापुढे आज जो प्रश्न उभा राहतो, तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जवळजवळ नव्हताच. गिअर आपल्या हाताने बदलायचा की तो गाडीवर सोपवायचा? तेव्हा जुनी गाडी म्हणजे क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर हे तीन पेडल आणि एक दांडा. मुंबईत पाच-सात वर्षे वापरलेली गाडी परशुराम आणि भोस्ते घाट ओलांडून कोकणात उतरायची, तिच्यावर पोराबाळांनी हात साफ करायचे, आणि क्लचप्लेट जळाली की गावातल्याच मेस्त्रीने गिअरबॉक्स उतरवायचा. आता त्याच वाटेने दोन पेडलच्या गाड्याही येऊ लागल्या आहेत. गुडघेदुखीने बेजार झालेल्या निवृत्त माणसाला, गणपतीच्या गर्दीत महामार्गावर तासन् तास क्लच दाबून थकलेल्या चाकरमान्याला त्या हव्याशा वाटतात. तरीही व्यवहार ठरवताना हात आखडतो. हे बिघडले तर उघडणार कोण, ही शंका मनातून जात नाही.

ही शंका नवी नाही. मोटार नुसती विकत घ्यायची की तिचे पोट उघडून ती आपल्याकडे घडवायची, या प्रश्नाभोवती एका माणसाच्या उत्तरायुष्याची दहा-बारा वर्षे गेली. तो माणूस म्हणजे शेठ वालचंद हिराचंद.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. घराणे सौराष्ट्रातून आलेल्या गुजराती दिगंबर जैन दोशींचे, पण पिढ्यांच्या वास्तव्याने महाराष्ट्राच्या मातीत मुरलेले. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. त्यात वालचंदांचे मन रमले नाही. कॉलेजचे शिक्षण पदवीपर्यंत पोचले नाही. लक्ष्मण बळवंत फाटक या रेल्वेतील जुन्या कारकुनाशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका छोट्या तुकड्याचे कंत्राट घेतले. सावकाराच्या मुलाने खडी आणि मातीचा धंदा करावा, हे त्या काळी घरच्यांच्या पचनी पडणारे नव्हते. पुढे बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे काम त्यांच्या कंपनीने केले, आणि १९२६ मध्ये ‘हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी’ स्थापन झाली. घाट म्हणजे काय आणि चढावर यंत्राची दमछाक कशी होते, हे या माणसाला कागदावर शिकावे लागले नव्हते.

जुनी वस्तू विकत घेण्याचा त्यांचा सर्वांत गाजलेला व्यवहार मात्र मोटारीचा नव्हता, जहाजाचा होता. पहिले महायुद्ध संपले होते. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी युद्धकाळात रुग्णसेवेसाठी दिलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीला निघाल्याचे वालचंदांच्या कानावर आले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ उभी राहिली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. हा दिवस आजही राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो. एवढा भाग शाळेच्या पुस्तकातही सापडतो. ते जहाज तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते, हे सहसा कोणी सांगत नाही. १८९१ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने ते कॅनडाच्या एका कंपनीसाठी बांधले गेले होते आणि पॅसिफिक महासागरात त्याची उमेद खर्च झाली होती. चार वर्षांत, १९२३ मध्ये, ते मुंबईतच मोडीत निघाले. भावनेच्या भरात जुने जहाज घेतले, असा ठपका वालचंदांवर सहज ठेवता येईल. पण त्या जहाजाने कंपनीला पाण्यावर उतरवले, आणि ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीशी दरयुद्ध खेळण्याइतकी उमेद भागधारकांना दिली. कोकण किनाऱ्यावर प्रवासी बोटी चालवणारी ‘बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन’ही कालांतराने सिंदियाच्याच हाती आली. पडावातून हेलकावे खात बोटीवर चढणाऱ्या रत्नागिरीकरांच्या कितीतरी पिढ्यांच्या आठवणी त्या कंपनीशी जडलेल्या आहेत.

मोटारीचा नाद त्यांना तिशीच्या दशकात लागला. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्यात मोटारीचा कारखाना काढण्याची योजना आखली होती, तिला त्यांनी आपली ताकद दिली. १९३७ मध्ये प्रांतिक सरकार आले आणि मुख्यमंत्रिपदी बाळासाहेब खेर बसले. हे बाळासाहेब मूळचे रत्नागिरीचे, त्यांचा जन्मच रत्नागिरीत झालेला. त्यांच्या मंत्रिमंडळाने या कारखान्याला अनुकूलता दाखवली. पण महायुद्धाच्या प्रश्नावरून १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि आधार सुटला. दिल्लीच्या सरकारला हिंदी कारखानदाराने मोटारी बनवाव्यात, यात रस नव्हता.

१९३९ मध्ये वालचंद अमेरिकेत गेले. फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी जमले आणि १९४० मध्ये करार झाला. योगायोग असा की, १९३९ हेच वर्ष मोटारीच्या गिअरच्या इतिहासात मोलाचे आहे. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीसाठी ‘हायड्रामॅटिक’ हा पूर्णपणे आपोआप चालणारा गिअरबॉक्स त्याच वर्षी बाजारात आणला. क्लचचे पेडलच नाही, अशी सामान्य ग्राहकाला विकली जाणारी ही पहिली मोठी गाडी. क्रायस्लरनेही आपल्या महागड्या गाड्यांत इंजिन आणि क्लच यांच्यामध्ये तेलाचा दुवा बसवायला सुरुवात केली होती. त्या तेलामुळे गाडी गिअरमध्ये असतानाही इंजिन बंद न पडता ती उभी राहू शकत असे. अमेरिकेने डाव्या पायाला विश्रांती द्यायचे ठरवले होते.

याच दौऱ्यातून परतताना पॅसिफिकवरच्या विमानप्रवासात विल्यम पॉली हा विमाने बनवणारा अमेरिकन त्यांना भेटला. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाचा कारखाना घेऊन आला. म्हैसूर सरकारच्या साथीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ सुरू झाली. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या आवाराची कोनशिला बसली. मोटार मात्र अडून राहिली. युद्ध चालू असताना परकी चलन आणि यंत्रे द्यायला सरकार तयार नव्हते. ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ची नोंदणी व्हायला १९४४ साल उजाडले, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडायला १९४७.

कुर्ल्याला सुरुवातीला जुळल्या त्या क्रायस्लर गटातल्या डॉज आणि प्लिमथ गाड्या. सुटे भाग अमेरिकेतून यायचे आणि इथे बसवले जायचे. एवढे तर जनरल मोटर्स मुंबईत १९२८ पासूनच करीत होती. नुसती जुळणी म्हणजे कारखाना नव्हे, हा वालचंदांचा हट्ट होता आणि तो व्यवहारी होता. प्रशस्त अमेरिकन गाडी इथे घडवायची तर तिचा खप किती, तिला पेट्रोल किती, आणि तिच्या यंत्रातला एकेक दाता इथल्या लेथवर कापता येणार का? त्याचे उत्तर इटलीतून आले. फियाटशी संधान बांधले गेले आणि पन्नाशीच्या आरंभी चिमुकली ‘फियाट ५००’ कुर्ल्याहून निघू लागली. तोवर वालचंदांची प्रकृती ढासळली होती. १९४९ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, १९५० मध्ये ते कारभारातून निवृत्त झाले, आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सरकारने धोरण ठरवले की, ज्यांच्याकडे सुटे भाग इथे बनवण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनीच मोटारधंद्यात राहावे. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. ज्या गोष्टीसाठी हा माणूस चौदा वर्षे झगडला, ती धोरण म्हणून कागदावर उतरली, तेव्हा तो ते पाहायला नव्हता.

त्यानंतरची गाडी सर्वांच्या ओळखीची आहे. १९५४ पासून आलेली ‘फियाट ११००’, लोकांच्या तोंडी डुक्कर फियाट. पुढे तिचेच सुधारलेले रूप १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ नावाने विकले गेले. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर चार, आणि गिअरचा दांडा स्टीअरिंगला लागून. त्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिसरा माणूस मावत असे आणि कोकणात लग्नाला निघालेल्या कुटुंबाला तो फार उपयोगी पडे. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला दाते आपोआप जुळवणारी सोय होती, पहिल्याला नव्हती. चालत्या गाडीला पहिल्यात घालायचे तर क्लच दोनदा दाबून इंजिनाचा वेग नेमका साधावा लागे, नाहीतर आतून दात खाल्ल्याचा आवाज येई. आंबा घाटात भरल्या गाडीने हे साधणे ही कला होती आणि ती येणाऱ्याला चार लोकांत मान होता. या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये हातोडी, पाना आणि अनुभव यांच्या पलीकडचे काही नव्हते. कुर्ल्याला जे घडले ते चिपळूणला उघडता येत होते. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली, यात त्या साधेपणाचा वाटा मोठा आहे.

हिंदुस्थानात आपोआप गिअर बदलणारी गाडी इतकी उशिरा का रुजली, याचे एक कारण इथे सापडते. पेट्रोलचा खर्च, बंद बाजारपेठ आणि पगारी ड्रायव्हर ही कारणे आहेतच. पण घडवण्या-उघडण्याच्या शहाणपणाभोवती जो उद्योग उभा राहिला, त्याला तेलाच्या दाबावर चालणारी नाजूक पेटी परवडणारी नव्हती. वालचंदांनी गिअरची निवड स्वतः केली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांनी गाडीची निवड केली, गिअर तिच्याबरोबर आला.

मोठ्या खपाच्या छोट्या गाडीत एएमटीमुळे क्लचचे पेडल गेले ते २०१४ मध्ये, मारुतीच्या सेलेरियोत. त्या गाडीतली ‘एएमटी’ यंत्रणा मॅग्नेटी मारेल्ली या इटालियन कंपनीची, आणि ही कंपनी तेव्हा फियाटच्याच गोतावळ्यातली. कुर्ल्याला गिअरचा दांडा पाठवणाऱ्या घराण्यानेच साठ वर्षांनी तो हलवणारा यांत्रिक हात पाठवला! कारण एएमटी म्हणजे नवा गिअरबॉक्स नव्हेच. क्लच तोच, दाते तेच, फक्त पाय आणि हात यंत्राचे. म्हणून जुन्या गाडीत एएमटी असेल, तर क्लचप्लेटची झीज मॅन्युअलसारखीच तपासायची आणि शिवाय ती हलवणाऱ्या यंत्रणेची चौकशी करायची. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी किंवा दोन क्लचच्या गाडीचे तसे नाही. त्यांचे पोट वेगळे, तेल वेगळे आणि दुरुस्तीचा आकडा वेगळा. गिअरबॉक्सचे तेल कधी बदलले याची नोंद मालकाकडे नसेल, तर किंमत कितीही गोड असो, जपून बोललेले बरे.

रत्नागिरीच्या गिऱ्हाइकाने ही परीक्षा सपाट रस्त्यावर घेऊ नये. आरे-वारेच्या चढावर चार माणसे आणि चालू एसी घेऊन गाडी मध्येच थांबवावी. मॅन्युअल असेल तर क्लच किती वर येऊन पकडतो आणि जळका वास येतो का, हे पाहावे. एएमटी असेल तर ब्रेकवरचा पाय उचलून अ‍ॅक्सिलरेटरवर नेईपर्यंत ती किती मागे सरकते, हे मोजावे. चढावर गाडी धरून ठेवणारी सोय तिच्यात आहे की नाही, हेही विचारावे. उतारावर ऑटोमॅटिक गाडी खालच्या गिअरमध्ये अडकवून ठेवता येते का, हे पाहणे तर पावसाळ्यातल्या घाटासाठी अत्यावश्यक. नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी पुढची चाके जमिनीवर टेकवून दोरीने ओढत नेणे बहुतेक प्रकारांत गिअरबॉक्सच्या जिवावर बेतते. तिला उचलून नेणारे वाहन लागते, आणि ते हातखंब्यापर्यंत यायला किती वेळ आणि किती पैसे घेते, याची चौकशी व्यवहाराच्या आधी करायची असते.