कॅरींची मुलं

आजचा शास्त्रभाग: इफिस ६:४



पौलाने बापांना लिहिलेलं हे एकच वचन वाचलं आणि मी ओशाळलो. शनिवारी लेकाला बागेत न्यायचा शब्द दिला होता, पण रिलीजच्या कॉलमध्ये अडकलो. वर चिडलो त्याच्यावरच. म्हणून आज विल्यम कॅरींबद्दल.

कॅरींनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली शब्दकोश, आणि नवा करारही मराठीत आणला. हे आपल्याला माहीत असतं. घरातलं फारसं कोणी सांगत नाही.

१७९३ साली पत्नी डोरोथी आणि चार मुलांना घेऊन ते बंगालमध्ये आले. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर आजारात गेला. डोरोथीचं मन त्यानंतर जे बिघडलं, ते १८०७ मध्ये ती जाईपर्यंत सावरलं नाही. कॅरी पोटासाठी निळीचा कारखाना सांभाळायचे, उरलेल्या वेळात भाषांतर. स्वभाव मऊ, मुलांना रागावणं जमायचं नाही. मुलं मोकाट वाढली.

१८०० साली ते श्रीरामपूरला गेले (बंगालमधलं, आपलं नगरचं नव्हे). तिथे सहकाऱ्यांना मुलांची अवस्था बघून वाईट वाटलं. हॅना मार्शमन यांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं. विल्यम वॉर्ड मूळचे छपाईवाले. त्यांनी थोरल्या फेलिक्सला छापखान्यात जवळ घेतलं, त्याच्याशी बोलत राहिले. जे बापाला जमलं नव्हतं ते देवाने त्यांच्या हातून केलं. त्याच डिसेंबरात कॅरींनी हुगळी नदीत फेलिक्सला स्वतः बाप्तिस्मा दिला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. १८०७ मध्ये फेलिक्स ब्रह्मदेशात सुवार्तेसाठी गेला, पण पुढे तिथल्या राजाच्या चाकरीत शिरला. कॅरींना ते फार लागलं. १८१४ साली नाव उलटून त्याची बायको आणि मुलं बुडाली. त्यानंतर तो काही वर्षं नुसता भरकटत राहिला. १८१८ मध्ये त्याला परत घेऊन आले ते पुन्हा वॉर्डच. मग १८२२ मध्ये, सदतिसाव्या वर्षी मरेपर्यंत, त्याने श्रीरामपुरात वडिलांच्या शेजारी बसून भाषांतराचं काम केलं.

आमच्या मंडळीतले एक काका लेकाला गिटार शिकवतो म्हणून कधीचे मागे लागलेत. मला त्यात उगाच कमीपणा वाटायचा. आज त्यांना फोन करतो. त्याआधी लेकाची माफी मागायची आहे.