कचेरी सुटल्यानंतरचे माधवराव

सरकारी नोकराची संध्याकाळ कोणाच्या मालकीची, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून निघतो. बहुधा तो पोलिसाच्या निमित्ताने निघतो. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, अंगावर गणवेश नसताना, एखादा हवालदार राजकीय सभेला श्रोता म्हणून बसला तर बिघडले कुठे, असे कोणी विचारतो. उद्या त्याच हवालदाराला त्याच पक्षाच्या मोर्चापुढे उभे राहायचे आहे, असे दुसरा सुनावतो. वाद रंगतो आणि चहाबरोबर संपतो. मला मात्र अशा वेळी एका न्यायाधीशाची आठवण होते. या प्रश्नाचे ओझे त्याने सारा जन्म वाहिले आणि त्याची फारशी वाच्यता केली नाही. ते म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे.

माधवरावांचा जन्म 18 जानेवारी 1842 चा, नाशिक जिल्ह्यातील निफाडचा. बालपण कोल्हापुरात गेले, शिक्षण मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये झाले. विद्यार्थिदशेतच त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि पारडे मराठ्यांच्या बाजूला झुकवले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट नाराज झाले आणि शिष्यवृत्ती सहा महिने बंद पडली. लिहिण्याची किंमत काय असते, याचा हा पहिला धडा. पण हा मुलगा लिहायचा थांबला नाही. कसे लिहावे, एवढे मात्र शिकला.

1871 मध्ये ते सबजज्ज म्हणून पुण्यात आले. सार्वजनिक सभा स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. सभेचा चेहरा गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका यांचा. पण तिच्यामागची बुद्धी आणि लेखणी लवकरच माधवरावांची झाली. दिवसा कोर्टात खटले ऐकायचे आणि संध्याकाळी अर्जांचे मसुदे करायचे. शेतसारा, दुष्काळ, कौन्सिलांत हिंदी माणसाला जागा, असे एकेक विषय सभेने सरकारपुढे मांडले. 1876-77 च्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारच्या डोळ्यांसमोर धरली. 1878 पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. त्यातला बराच मजकूर माधवरावांचा असे, पण खाली नाव नसे. ज्या सरकारचा पगार घ्यायचा, त्याच सरकारला आकडेवारीनिशी जाब विचारायचा, असा हा उद्योग.

सरकार काही झोपलेले नव्हते. पुण्यातून त्यांची बदली नाशिकला झाली. पाठोपाठ 1879 साल उजाडले. वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड पेटले आणि मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा जळाला. संशयाची सुई पुण्याच्या साऱ्या सुशिक्षितांवर फिरू लागली. माधवरावांना धुळ्याला जाण्याचा हुकूम आला. बदली टाळण्याची खटपट करावी, असे स्नेह्यांनी सुचवले. नोकरी आहे तोवर हुकूम पाळायचा, या भूमिकेवरून ते हलले नाहीत.

धुळ्यात जे घडले ते रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. माधवरावांची टपाले फोडली जात. बंडवाल्यांच्या नावाने पत्रे येत. खरी की पारख करण्यासाठी मुद्दाम धाडलेली, कोण सांगणार? माधवराव ती पत्रे सरळ पोलिसांकडे पाठवून देत. रमाबाई तेव्हा सतरा वर्षांच्या. घरात येणारे प्रत्येक पाकीट आधी परक्या हातांनी उघडलेले असणार, हे ठाऊक असताना संसार करायचा! पुढे संशय फिटला. लपवण्यासारखे काही नव्हते हेच खरे, पण ते सिद्ध करण्याचा भार सरकारने त्या घरावर टाकला होता.

पुढची गंमत पाहा. दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जाविषयी सभेने जी ओरड केली होती, तिच्याशी नाते सांगणारा कायदा 1879 मध्येच झाला आणि त्याच्या अंमलबजावणीच्या कामावर पुढे माधवरावांनाच नेमले. ज्याला धुळ्याला धाडले, त्यालाच 1885 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात घेतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. माधवराव हजर होते, पण प्रतिनिधी म्हणून नव्हे. सरकारी नोकर म्हणून ऐकण्यापुरते आणि सल्ल्यापुरते. पुढे 1890 मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनाला सरकारी नोकरांनी प्रेक्षक म्हणूनही जाऊ नये, असे परिपत्रक बंगाल सरकारने काढले. म्हणजे नुसते खुर्चीवर बसणे हेही राजकारण ठरले.

मी स्वतः बँकेत अधिकारी होतो. राजकारणात सक्रिय भाग घ्यायचा नाही, नगरपालिकेचीसुद्धा निवडणूक लढवायची नाही, असे आमचे नियम सांगत. कादंबऱ्या लिहिताना मी ते कधी विसरलो नाही. तरी बँकेतला माणूस आणि पोलीस यांत फरक आहे, असे मला वाटते. माझ्या हाती खातेवही होती, लाठी नव्हती. आपल्या घटनेचे 33 वे कलम नेमके हाच फरक ओळखते. त्याच्या आधारे 1966 मध्ये झालेल्या कायद्याने पोलिसाला राजकीय सभेत वा निदर्शनात भाग घेण्यास मनाई केली. कामावर असताना की सुट्टीवर, असा भेद त्यात केलेला नाही. मतदानाचा हक्क मात्र त्याला आहे. अडल्यानडल्या माणसाने ठाण्याची पायरी चढताना साहेब कोणत्या पक्षाचे याची धास्ती घेऊ नये, एवढ्यासाठी ही मनाई मला पटते.

पण तिची किंमत कोणीतरी मोजतो, हे माधवरावांच्या आयुष्यावरून कळते. 1893 मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. पुण्यातल्या जहालांना त्यांचे सावधपण मिळमिळीत वाटे. 1895 मध्ये सार्वजनिक सभा त्यांच्या पक्षाच्या हातून टिळकपक्षाकडे गेली. वीस-पंचवीस वर्षांचे श्रम, आणि त्यांतल्या कितीतरी कागदांवर स्वतःचे नावही नाही! त्यांनी गोखल्यांसह डेक्कन सभा काढली आणि काम पुढे चालू ठेवले. 16 जानेवारी 1901 रोजी मुंबईत ते गेले, तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाचा पहिलाच भाग छापून झाला होता.

पोलिसाला सभेपासून दूर ठेवावे, हे ठीक. पण त्याचे टपाल फोडू नये, त्याच्या वाचण्यावर पहारा बसवू नये आणि बंदी पाळतो म्हणून त्याला मतच नाही असे समजू नये. धुळ्याच्या त्या घरात जे चालले होते, त्याला शिस्त म्हणत नाहीत.